उजव्या बाजूची सीट

"मॅडम, आज चार्टप्रमाणे पुढची सीट आमची आहे," देवस्थळी म्हणाले आणि मोबाइलमध्ये काढून ठेवलेला त्या चार्टचा फोटो त्यांनी माझ्या नाकासमोर धरला. "आज सातवा दिवस. आमचा नंबर अजून एकदाही लागलेला नाही."

मी गाडीकडे पाहिलं. अप्पा पुढच्या सीटवर जाऊन बसलेसुद्धा होते. पट्टा लावलेला, मफलर कानांवरून घट्ट गुंडाळलेला, दोन्ही हात मांडीवर आणि नजर समोर. गाडी अजून सुरूही झाली नव्हती. ड्रायव्हर बाहेर वाकून टायर बघत होती.

"मी बोलते त्यांच्याशी," मी म्हणाले.

"हे तुम्ही रोज म्हणता."

खरंच होतं. मी रोज म्हणत होते आणि रोज तोंडावर पडत होते.

आइसलंडला गोल फेरी मारणारी नऊ दिवसांची सहल होती ती, पुण्याच्या एका छोट्या कंपनीची. या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. माणसं सातच: ठाण्याचे देवस्थळी नवरा-बायको, नाशिकच्या तीन निवृत्त शिक्षिका, मी आणि माझे वडील, म्हणजे अप्पा. आपल्याकडच्या सहलींची रीतच आहे, तसा याही कंपनीनं सीट बदलायचा चार्ट दिला होता. रोज एकेकानं पुढे सरकायचं, म्हणजे कुणाचं रडगाणं नको. हिल्डूर नावाची तिथलीच एक पंचावन्नच्या आसपासची बाई गाडी चालवायची आणि माहितीही सांगायची. तिला आमच्या चार्टचं काही सोयरसुतक नव्हतं. कोण कुठे बसतो तो तुमच्या आपापसातला मामला, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

आणि पहिल्याच दिवशी अप्पांना ती सीट सापडली. आइसलंडमध्ये गाडीचं स्टिअरिंग डाव्या बाजूला असतं. म्हणजे ड्रायव्हरशेजारची सीट येते उजवीकडे, आपल्या एसटीचा ड्रायव्हर बसतो बरोब्बर तिथे. अप्पा गडहिंग्लज आगाराचे. एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली, त्यातली बरीचशी आंबोली घाटात, आणि एकतीस वर्षांत एका माणसाला खरचटू दिलं नाही. हे मी सांगत नाही, ते सांगतात, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतात. रेक्याविकच्या हॉटेलबाहेर ते गाडीत चढले, त्या सीटवर बसले आणि तिथून त्यांना उठवणं पुढे कुणाच्या बापाला जमलं नाही.

तिथे बसून ते काय करायचे? गाडी चालवायचे. वळण आलं की उजवा पाय दाबायचे. समोरून ट्रक आला की हात वर करायचे, एसटीवाले एकमेकांना करतात तसा, आणि तिथले ट्रकवालेही उलट हात करायचे, त्यामुळे यांना आणखी चेव यायचा. धबधब्यापाशी थांबलो की सगळे कॅमेरे घेऊन पळायचे आणि हे गाडीभोवती फिरून टायरला लाथ मारून बघायचे.

"अप्पा, धबधबा बघा की," मी म्हणायचे.

"बघितला. आंबोलीला काय कमी हाईत व्हय?"

हिमनदीचे निळे तुकडे तरंगतात त्या तळ्यावर आम्ही तासभर होतो. माणसं तिथे भारावून गप्प झाली होती. अप्पांनी त्या तासात हिल्डूरकडून बॉनेट उघडवून घेतलं. तिला मराठी येत नाही, यांना इंग्रजी येत नाही, तरी दोघं इंजिनात डोकं घालून बोलत होते. मग तिनं तपकिरीची डबी काढली, यांनी तंबाखूची चंची काढली आणि दोघांनी एकमेकांचा माल चाखून पाहिला. अप्पांना इतक्या शिंका आल्या की नाशिकच्या बाया पोट धरून हसल्या.

मला हसू येत नव्हतं. मी त्यांना एवढ्या लांब एक गोष्ट सांगायला आणलं होतं आणि ती सांगायची वेळ हातातून निसटत चालली होती.

गोष्ट अशी. माझ्या कंपनीनं मला स्वीडनमधल्या गोथेनबर्गला कायमची जागा देऊ केली होती आणि मी सही करून मोकळी झाले होते. ऑक्टोबरात जायचं होतं. आई गेल्यापासून अप्पा पुण्यात माझ्याकडे राहायचे. माझं लग्न मोडलेलं, भाऊ-बहीण कुणी नाही, गडहिंग्लजचं घर चुलत्यांच्या वाटणीला गेलेलं. तेव्हा मी तळेगावला म्हाताऱ्या माणसांसाठीची एक जागा बघितली. चांगली होती. बाग होती, डॉक्टर रोज यायचा. अप्पांना न विचारता मी तिथे त्यांच्यासाठी एक खोली नक्की करून आले. वृद्धाश्रम हा शब्द तिथे कुणी वापरत नाही. मीही वापरत नव्हते. पण होता तो वृद्धाश्रमच.

पुण्यात हे सांगायला माझी जीभ रेटेना. जेवताना ते समोर बसायचे, भाकरी कुस्करायचे, आणि मी ताटात बघत जेवण उरकायचे. मग वाटलं, कुठेतरी लांब जाऊ. आठ-नऊ दिवस शेजारी शेजारी बसू, खिडकीतून काहीबाही बघता बघता सांगून टाकू. एकमेकांच्या तोंडाकडे न बघता अशी गोष्ट सांगणं जरा सोपं जातं. म्हणून तर मी मुद्दाम रस्त्यावरची सहल निवडली. अप्पांनी तेव्हा एकच प्रश्न विचारला होता, "रस्ता कसला हाय?"

आणि आता सातवा दिवस उजाडला तरी माझ्या शेजारची सीट रिकामी ती रिकामीच. रात्री खोलीत शिरले की हे डोक्यावर पांघरूण घेऊन पडायचे. सकाळी मी उठायच्या आत खाली, गाडीपाशी. परतीच्या विमानात सांगणार होते का मी? त्या दिवशी सांगायचंच, असा चंग बांधून मी उठले होते.

मी पुढचं दार उघडलं. "अप्पा, मागं या. ही सीट आज देवस्थळींची आहे."

"आज घाट हाय," अप्पा म्हणाले.

"असू दे. गाडी हिल्डूर चालवणार आहे."

"धुकं बी हाय. तिला माणूस लागंल."

"तिला माणूसबिणूस काही नको आहे. ती पंधरा वर्षं हेच करते."

"इचार की तिला."

मी विचारलं, हीच चूक झाली. हिल्डूर टायरपासून उठली, हात पुसले आणि म्हणाली, "राहू दे त्याला. त्याला रस्ता कळतो." देवस्थळींना इंग्रजी उत्तम कळत होतं.

"वा," ते म्हणाले. "म्हणजे पैसे आम्ही भरायचे आणि रस्ता यांना कळतो म्हणून यांनी बसायचं. फीडबॅक फॉर्मवर मी हे सगळं लिहिणार आहे."

"अहो, बसा आता मागे," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "एवढ्या धुक्यात पुढून तरी काय दिसणार आहे?"

मी माझ्या जागेवर जाऊन बसले. शेजारी अप्पांची पिशवी होती. सात दिवस मी त्या पिशवीशेजारी बसून आइसलंड बघत होते.

पूर्वेकडच्या डोंगरातून एक खडीचा रस्ता वर चढतो. तिथून गेलं की बराच फेरा वाचतो. दुपारी चारला पलीकडच्या गरम पाण्याच्या तळ्यात सगळ्यांचं आंघोळीचं बुकिंग होतं, म्हणून हिल्डूरनं तो रस्ता धरला. वर जावं तसं धुकं दाट होत गेलं. खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही नाही. मधूनच एखादी मेंढी रस्त्यात उभी दिसायची आणि हिल्डूरच्या आधी अप्पांचा पाय दाबला जायचा.

मला राहवेना. मी उठले, सीटांना धरत धरत पुढे गेले आणि त्यांच्या मागे वाकून उभी राहिले.

"अप्पा, मला तुमच्याशी जरा बोलायचंय. महत्त्वाचं आहे."

"गाडी चालू हाय."

"तुम्ही चालवताय का?"

"एसटीत काय लिवलेलं असतंय? चालकाशी बोलू नये."

"अप्पा, मी थट्टा करत नाहीये."

"मी तरी कुठं करतोय? जा, बस जाग्यावर. पडशील."

हिल्डूरनंही आरशातून बघून मला बसायला सांगितलं. मी परत पिशवीशेजारी. डोकं नुसतं भणभणत होतं. या माणसाचं काय करावं, कुठे डोकं आपटावं, मला कळेना. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण हट्ट लहान मुलाचा.

तेवढ्यात समोर धुक्यात दोन दिवे दिसले. एक भलीमोठी गाडी, ज्यात लोक राहतात-जेवतात तसली, रस्त्याच्या बरोब्बर मधोमध येऊन थांबली. चालवणारा कुणीतरी पाहुणाच होता, आमच्यासारखा. तो घाबरून गेला होता. हिल्डूरनं हात करून मागे जायला सांगितलं, तर तो नुसती मान हलवत राहिला. मग हिल्डूर म्हणाली की पन्नासेक पावलांवर रस्ता जरा रुंद होता, आपणच मागे जाऊ.

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत अप्पा पट्टा काढून खाली उतरले होते. त्यांना इंग्रजी कळत नाही असं कोण म्हणेल?

ते गाडीच्या मागे गेले. आधी मफलर दिसत होता, मग तोही धुक्यात गेला आणि नुसता आवाज उरला. "येऊ दे. येऊ दे. जरा उजवीकडं. येऊ दे, लई जागा हाय." गडहिंग्लजच्या स्टँडवर लहानपणी मी हा आवाज कितीदा तरी ऐकला होता. हिल्डूरला शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. ती आवाजावर भरवसा ठेवून गाडी मागे घेत होती. "येऊ दे, हिरव्यावर येऊ दे," अप्पा म्हणाले.

आणि गाडी मागून खचली. धप्पकन आवाज झाला, पिशव्या खाली पडल्या, एक शिक्षिका माझ्या अंगावर आल्या.

आपल्याकडे रस्त्याच्या कडेला हिरवं असलं की खाली माती घट्ट धरलेली असते. आंबोलीत तसल्या हिरव्यावर चाक घालून अप्पांनी आयुष्यभर समोरच्या गाड्यांना वाट दिली होती. इथे ते हिरवं म्हणजे नुसतं शेवाळ, आणि खाली जुन्या ज्वालामुखीची राख, रव्यासारखी भुसभुशीत. मागचं उजवं चाक अर्ध्याहून जास्त आत गेलं होतं. खाली दरी नव्हती, उतार होता, गाडी कुठे घसरणार नव्हती. पण हलणारही नव्हती. समोरच्या गाडीला तेवढी वाट मिळाली. तिनं हॉर्न वाजवून आभार मानले आणि ती निघून गेली.

हिल्डूरनं वाकून बघितलं, फोन लावला. खालच्या गावातून ओढायला ट्रक येईल, म्हणाली, अडीच-तीन तास. अप्पांना तिनं खांद्यावर थोपटलं. अप्पांचं लक्ष नव्हतं. ते त्या चाकाकडे बघत उभे होते.

देवस्थळींनी मात्र सात दिवसांचं साठलेलं बाहेर काढलं. "यांना अधिकार कुणी दिला? सांगा ना मला. हे कोण लागून गेले? चारचं बुकिंग गेलं आमचं. उद्या दरी असती तर आम्ही सगळे खाली गेलो असतो."

मी अप्पांची बाजू घ्यायला हवी होती. निदान गप्प बसायला हवं होतं. पण माझ्याही मनात सात दिवसांचं साठलं होतं आणि माझं तर त्यांच्याहून जास्त होतं.

"बरोबर आहे त्यांचं," मी म्हणाले. सगळ्यांच्या देखत म्हणाले. "अप्पा, तुम्ही इथे ड्रायव्हर नाही. पॅसेंजर आहात. सोळा वर्षं झाली तुम्हाला रिटायर होऊन. आता कुणाला तुमची गरज नाहीये. एकदा तरी पॅसेंजरसारखं गप मागे बसा."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. राखेनं माखलेले हात त्यांनी पँटला पुसले, गाडीत चढले आणि मागे जाऊन, पिशवी मांडीवर घेऊन, माझ्या शेजारच्या सीटवर बसले. पुढची सीट मोकळी झाली. तिथे जाऊन कुणीही बसलं नाही, देवस्थळीसुद्धा नाहीत.

जवळच मेंढपाळांची एक खोली होती. हिल्डूर सगळ्यांना घेऊन तिकडे निघाली, तिच्याकडे कॉफी होती. अप्पा उठेनात. बंद पडलेली गाडी सोडून जायची नसते, हा त्यांच्या खात्याचा नियम. म्हणून मीही थांबले. तिरक्या गाडीत आम्ही दोघं बसलो. बाहेर पांढरं धुकं, आत हीटर बंद. मला हवं होतं ते सगळं जुळून आलं होतं. अप्पा शेजारी, कुणी ऐकणारं नाही, हातात तीन तास. आणि मी जाकिटाची चेन वर-खाली करत बसले.

"हं, बोल आता," अप्पा म्हणाले.

"काय?"

"ज्याच्यासाठी एवढ्या लांब आणलंस ते."

ते खिडकीकडे बघत होते.

"त्या तळेगावच्या बाईचा फोन आला हुता," ते म्हणाले. "जून म्हयन्यात. तू हापिसात हुतीस. आजोबा, साखर हाय का, पथ्य काय असतंय, पलंग खिडकीकडं पायजे का, असं इचारत हुती. चांगली बाई हाय."

जून. आता ऑगस्ट संपत आला होता. म्हणजे दोन महिने हा माणूस माझ्यासमोर बसून भाकरी कुस्करत होता आणि त्याला सगळं ठाऊक होतं.

"तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"साखर न्हाई म्हणून सांगितलं. पलंग कसा बी चालतोय."

"मग मला का नाही विचारलंत?"

"मी कशाला इचारू? काम तुझं. तू बोलायचं."

"बोलायलाच बघत होते की. सात दिवस तुमच्या मागे मागे फिरतेय. तुम्ही ती सीट सोडाल तर ना."

"म्हणूनच सोडली न्हाई," अप्पा म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"पुढं बसलं की तुला बोलाय येत न्हाई. म्हटलं, नऊ दिवस हाईत. एवढा देश बघशील, हिंडशील, तवर जाईल मनातनं. कुठल्या तरी वळणावर म्हणशील, जाऊ दे अप्पा, न्हाई जात मी."

खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी रागच आला. मी समजत होते की मी यांच्या मागे धावते आहे, आणि हे त्या सीटवर बसून माझी वाट बघत होते. रोज एक दिवस मला देत होते, आणि मी तो रोज घालवत होते. आणि मघाशी सगळ्यांसमोर जे बोलले ते आता परत घेता येणार नव्हतं.

"नाही गेलं मनातून," मी म्हणाले.

"कळलं ते मघाशी."

"अप्पा, मघाशी मी रागात बोलले. तसं नव्हतं म्हणायचं मला."

"ते ऱ्हाऊ दे. चूक माझीच झाली, चाक मीच घातलं. पर तू सांग. बाईनं सांगितलं, तू न्हाई सांगितलंस अजून."

मग मी सांगितलं. एका दमात सांगितलं. गोथेनबर्ग, ऑक्टोबर, तळेगाव, खोली. वृद्धाश्रम हा शब्दसुद्धा वापरला, कारण आता त्यांच्यापुढे आणखी लपवाछपवी करायची माझी टाप नव्हती. सांगताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते माझ्याकडे बघत होते.

"बरं," अप्पा म्हणाले.

एवढंच. मी रडायला लागले तर त्यांनी मफलर काढून माझ्या हातात दिला. त्याला तंबाखूचा वास येत होता. मग ते म्हणाले, "तितं रातचं जेवण किती वाजता देतात?"

"साडेसातला." उत्तर इतकं पटकन आलं की माझी मलाच लाज वाटली.

"तवा तुझ्याकडं किती वाजलेलं असतील?"

हे मात्र मी कधी मोजलं नव्हतं. सगळं ठरवलं होतं आणि एवढंच मोजलं नव्हतं. बोटांवर मोजलं. "थंडीत तीन. दुपारचे."

"म्हंजे हापिसात असशील."

"हो."

"मग तवा नको. कामातल्या माणसासंगं बोलायला बरं वाटत न्हाई. तू सकाळी लाव फोन. सातला. च्या पिऊन मी मोकळा असतोय, पेपर यायचा असतोय. रोज न्हाई जमलं तर न्हाई."

त्यांचे सकाळचे सात म्हणजे माझे रात्रीचे अडीच. बोटं मोजायला काढलेलीच होती, तेही मोजून झालं होतं. अप्पा माझ्याकडे बघत होते, मी काय म्हणते म्हणून.

"तुला जमंल न्हवं सातला?"

"जमेल," मी म्हणाले. "त्या वेळेला मी उठलेलीच असते."

आणि पुढची साडेपाच वर्षं, ते होते तोवर, रोज उठलेलीच असायचे.